धंदा बंद झाला तरी माणूस उभा राहिला पाहिजे: फ्रान्सच्या 'अपेसा'कडून काय शिकायचं?



नवीन धंदा सुरू करायचा म्हटलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. लोन कुठून मिळेल? गाळा भाड्याने घ्यायचा की घरूनच सुरुवात करायची? मार्जिन किती सुटेल? जीएसटी नंबर कधी काढायचा? हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न आपण कागदावर लिहीत नाही. धंदा नाही चालला तर काय? चुकून कोणी तो विचारलाच, तर घरातलं मोठं माणूस लगेच म्हणतं, "शुभ बोल नाऱ्या!"

आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. आणि त्यातला सर्वात अवघड भाग, म्हणजे धंदा बुडतोय असं दिसल्यावर मालकाच्या डोक्यात येणारा आयुष्य संपवण्याचा विचार, त्यावरही सरळ बोलायचं आहे. हा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा जड आहे, पण धंद्याच्या बाहेरचा नाही.

आधी दोन आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० साली देशात व्यवसाय करणाऱ्या ११,७१६ जणांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी शेती क्षेत्रातला आकडा १०,६७७ होता. २०२१ मध्ये व्यवसाय करणाऱ्यांचा आकडा १२,०५५ झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर आपण निदान बोलतो, मोर्चे निघतात, विधानसभेत चर्चा होते. दुकानदार, छोटा कारखानदार, कंत्राटदार गेला तर चार दिवस बाजारात कुजबुज होते आणि विषय संपतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. प्रत्येक आत्महत्येमागे कर्जच असतं असं नाही. कारणं एकात एक गुंतलेली असतात: आजारपण, घरातली भांडणं, व्यसन, नैराश्य आणि त्यात पैशाची ओढाताण. पण ही ओढाताण ज्या वळणावर सर्वात जास्त टोचते, त्या वळणावर कोणीतरी उभं राहू शकतं का? फ्रान्समधल्या काही लोकांनी नेमकं तेच करून दाखवलं आहे.

एका छोट्या गावाच्या व्यापारी कोर्टात

फ्रान्सच्या पश्चिम भागात सँत नावाचं छोटं शहर आहे. तिथे व्यापारी न्यायालय आहे. आपल्याकडे असं वेगळं कोर्ट प्रत्येक गावात नसतं, म्हणून थोडं समजावून सांगतो. फ्रान्समध्ये धंद्याचे वाद आणि दिवाळखोरीची प्रकरणं या कोर्टात चालतात. गंमत म्हणजे तिथले न्यायाधीश हे स्वतः व्यापारी किंवा उद्योजक असतात. निवडून येतात आणि पगार न घेता काम करतात. धंद्याकडे देणी द्यायला पैसे उरले नाहीत की ४५ दिवसांच्या आत मालकाने या कोर्टाला कळवायचं, असा कायदा आहे. त्यानंतर धंदा सावरता येतो का ते कोर्ट बघतं. सावरत नसेल तर तो बंद करून मालमत्ता विकून देणी भागवली जातात.

आता त्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वीस वर्षं बेकरी चालवली. आज कोर्टात उभं राहून 'माझ्याकडे पैसे नाहीत' असं म्हणायचं. कागदांवर सह्या करायच्या. बाहेर पडल्यावर आपली ओळखच गेलेली असते. कालपर्यंत 'बेकरीवाले' होतो, आज कोण आहोत?

सँतच्या कोर्टात मार्क बिनिए हे ग्रेफिए होते. म्हणजे कोर्टाचा सगळा कारभार आणि नोंदी सांभाळणारे अधिकारी. कोर्टात येणारे काही मालक 'आता जगण्यात अर्थ नाही' अशा अर्थाचं बोलून जातात, हे त्यांच्यासमोर होत होतं. कोर्टाकडे कर्जाचं काय करायचं याचे नियम होते, पण अशा बोलण्याचं काय करायचं याचा एकही नियम नव्हता. ज्याने ते ऐकलं तो हळहळायचा आणि पुढची फाईल उघडायची.

बिनिए यांनी ज्याँ-लुक दुइयार या मानसशास्त्रज्ञांसोबत मिळून २०१३ मध्ये एक व्यवस्था सुरू केली. तिचं नाव अपेसा. फ्रेंच नावाचा अर्थ साधारण असा: 'तीव्र मानसिक त्रासात असलेल्या उद्योजकांना मानसशास्त्रीय मदत'. एका शहरात सुरू झालेलं हे काम एकेका कोर्टात पसरत गेलं आणि आज अपेसा ही तिथली राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे.

हे काम चालतं कसं?

इथे नीट लक्ष द्या, कारण पूर्ण गोष्टीतला कामाचा भाग हाच आहे.

अपेसाने लोकांना 'अडचण आली तर आम्हाला फोन करा' एवढं सांगून हात झटकले नाहीत. अडचणीतला मालक ज्यांच्यासमोर बसतोच, त्या लोकांना त्यांनी तयार केलं. कोर्टातले कर्मचारी, न्यायाधीश, दिवाळखोरीचं प्रकरण हाताळणारे अधिकारी, वसुलीची नोटीस घेऊन जाणारे, हिशेब तपासनीस, वकील, व्यापारी संघटनेचे कर्मचारी. या लोकांना छोटं प्रशिक्षण मिळतं. त्यांना फ्रेंचमध्ये पहारेकरी या अर्थाचा शब्द आहे. आपण त्यांना राखणदार म्हणू.

राखणदाराचं काम तीन पायऱ्यांचं आहे.

एक: ओळखायचं. समोरचा माणूस फक्त चिंतेत आहे की त्याच्या बोलण्यात जगण्याविषयीच निराशा आहे?

दोन: विचारायचं. आडून नाही, सरळ. आणि मदतीसाठी त्याची संमती घ्यायची. संमतीशिवाय नाव पुढे जात नाही.

तीन: कळवायचं. एक साधा फॉर्म भरून पाठवायचा. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ स्वतःहून त्या मालकाला लवकरात लवकर फोन करतो. पुढे त्याच्या भागातल्या मानसशास्त्रज्ञाकडे पाचपर्यंत बैठका मिळतात, आणि त्यासाठी त्याला एक पैसाही द्यावा लागत नाही.

बस, एवढंच. राखणदार उपचार करत नाही, उपदेश करत नाही, कर्जही फेडत नाही. तो माणसाला योग्य माणसाकडे पोचवतो. म्हणूनच कोर्टातला साधा कर्मचारीही ते करू शकतो.

फोन कोण करतो, तेही बघा. मानसशास्त्रज्ञ मालकाला फोन करतो, मालकाला करावा लागत नाही. मोडलेल्या माणसाला 'नंबर घ्या, वाटलं तर बोला' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला दवाखान्याचा पत्ता देऊन चालत जायला सांगण्यासारखं आहे. तो नंबर खिशातच राहतो.

२०२० मध्ये कोरोनात सगळं बंद झालं, तेव्हा फ्रान्सच्या अर्थ मंत्रालयाच्या पाठिंब्याने उद्योजकांसाठी एक मोफत फोन नंबर सुरू झाला. त्यामागेही अपेसाची हीच पद्धत होती. म्हणजे एका कोर्टातल्या कर्मचाऱ्याला सुचलेली कल्पना सात वर्षांत देशाच्या उपयोगी पडली.

मालकच एकटा का पडतो?

फ्रान्समध्येच माँपेलिए इथले प्राध्यापक ऑलिव्हिए तोरेस यांनी छोट्या धंद्यांच्या मालकांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी 'अमारोक' नावाची संस्था काढली. त्यांचा मुद्दा सोपा आहे. कामगाराच्या आरोग्याकडे बघणारी यंत्रणा कायद्याने उभी राहिली, पण मालकाच्या तब्येतीकडे कोणी बघितलंच नाही. स्वतःचा धंदा करण्यात आरोग्याला चांगलं असं खूप आहे: आपल्या मर्जीने काम, उमेद, पुढे जाण्याची जिद्द. पण त्याच धंद्यात चार गोष्टी माणसाला पोखरतात. ताण, कामाचा डोंगर, उद्याची अनिश्चितता आणि एकटेपणा.

पहिल्या तीन गोष्टी आपल्याला दिसतात. चौथी दिसत नाही. दिवसभर शंभर गिऱ्हाईकं येतात, पन्नास फोन होतात, मग एकटेपणा कसला? तर असा: कामगाराला सांगता येत नाही, तो दुसरी नोकरी शोधेल. माल देणाऱ्याला सांगता येत नाही, तो उधारी बंद करेल. बँकेला सांगता येत नाही, लिमिट कमी होईल. बाजूच्या दुकानदाराला सांगता येत नाही, दुपारपर्यंत बाजारभर होईल. घरी सांगता येत नाही, कारण बायकोचे दागिने आधीच गहाण आहेत आणि म्हाताऱ्या वडिलांचं बीपी वाढेल.

आपली मार्केटमधली पत टिकावी म्हणून माणूस हसतमुख राहतो. जेवढा जास्त अडकतो तेवढा जास्त हसतो. म्हणून आपण नंतर म्हणतो, "काल संध्याकाळी तर चहा पिताना गप्पा मारत होता!"

आपल्याकडे दिवाळं निघणे हा शब्द आहे. जुन्या काळी धंदा बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसायचा, म्हणजे लोकांना कळायचं, असं सांगतात. त्या प्रथेत लाज होती, यात शंका नाही. पण ती लाज उघड होती आणि एकदाच होती. आजचा छोटा धंदेवाला तोच दिवा मनात लावून वर्षभर एकटा बसतो.

धंदा वेगळा, माणूस वेगळा

अपेसाच्या कामातून मला जो एक धडा सर्वात मोलाचा वाटतो, तो हा. धंदा बंद होणं ही आर्थिक घटना आहे. माणूस संपणं ही वेगळी गोष्ट आहे. या दोन्हींमधली रेघ अडचणीतल्या मालकाला दिसत नाही. ती त्याला दाखवायला दुसरं कोणीतरी लागतं.

फ्रान्सने ही रेघ कायद्यातही ओढली आहे. २०१५ पासून एकट्याने धंदा करणाऱ्याचं राहतं घर धंद्याच्या देणेकऱ्यांपासून आपोआप सुरक्षित झालं. २०२२ पासून अशा मालकाची खासगी मालमत्ता आणि धंद्याची मालमत्ता कायद्यानेच वेगळी मानली जाते. (कर्ज देताना बँक हे संरक्षण सोडून द्यायला सांगू शकते, हेही खरं.)

आपल्याकडे प्रोप्रायटरशिप फर्ममध्ये मालक आणि धंदा कायद्याच्या नजरेत एकच. धंद्याचं देणं म्हणजे तुमचं देणं, घरापर्यंत. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड केली तर जबाबदारी मर्यादित होते, पण बँकेने वैयक्तिक हमी घेतली की ती मर्यादा पुष्कळशी संपते. म्हणून कायदा जी रेघ पूर्ण ओढून देत नाही, ती आपल्याला स्वतः ओढावी लागते. धंद्याचं आणि घराचं बँक खाते वेगळं. राहतं घर शक्य तोवर तारणाबाहेर. आणि मनातलं खातंही वेगळं: 'माझा धंदा तोट्यात आहे' आणि 'मी तोट्यातला माणूस आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आपले राखणदार कोण?

आपल्या तालुक्याच्या गावात धंदा अडचणीत आल्याचं सर्वात आधी कोणाला कळतं, याचा विचार करा. जीएसटी रिटर्न भरणाऱ्या टॅक्स कन्सल्टंटला किंवा सीएला. दोन महिने त्याची फी थकते, कागद येत नाहीत, फोन उचलला जात नाही. मग होलसेलरला. मग बँकेतल्या किंवा पतसंस्थेतल्या वसुलीच्या माणसाला. मग दुकानातल्या जुन्या मुनिमाला. आणि घरातल्या माणसांना, जे बघतात की हा रात्री दोन वाजता गच्चीवर फेऱ्या मारतोय.

तुम्ही यापैकी कोणीही असाल तर या खुणा लक्षात ठेवा: झोप उडालेली, जेवण तुटलेलं, दारू अचानक वाढलेली, माणसं टाळणं, सगळे व्यवहार घाईघाईने आवरणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, 'माझ्यामागे तुम्ही सुटाल', 'मी सगळ्यांना भार झालोय' अशी वाक्यं. खूप दिवस अस्वस्थ असलेला माणूस कारण नसताना एकदम शांत झाला तर त्याकडेही लक्ष द्या.

मग विचारायचं कसं? पुष्कळांना भीती असते की आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. तसं होत नाही. आपुलकीने विचारल्यामुळे हा विचार जन्माला येत नाही. उलट, ज्याच्या मनात तो आहे त्याला बोलायला वाट मिळते.

समजा तुमच्या ओळखीचा हार्डवेअरचा दुकानदार आहे. त्याला बाजूला घेऊन असं बोलता येईल:

"शेठ, दोन आठवडे बघतोय, तुम्ही दुकान उशिरा उघडताय, बोलतही नाही. काही जड झालंय का?"

"काही नाही हो. चालायचंच. धंद्यात वर-खाली होतंच."

"होतं, बरोबर आहे. पण मी उधारीबद्दल विचारत नाहीये, तुमच्याबद्दल विचारतोय. स्पष्टच विचारतो, राग मानू नका. जीवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका. "असं काय बोलता, बायका-मुलांचा विचार करा" असं म्हणू नका. त्याने तो विचार हजारदा केलेला असतो आणि त्यातूनच त्याला अपराधी वाटत असतं. "मला सांगितलंत हे फार बरं केलं. आज तुम्हाला एकटं सोडणार नाही. आपण मिळून एक फोन लावू," एवढं म्हणा. आणि तो फोन तिथेच, त्याच्या शेजारी बसून, तुम्ही लावा. नंबर आहे १४४१६, केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. धोका आत्ताच्या आत्ता दिसत असेल तर ११२ लावा किंवा सरळ सरकारी दवाखान्यात घेऊन जा.

अपेसाची पद्धत आठवा: ओळखा, विचारा, पोचवा. तुम्हाला डॉक्टर व्हायचं नाहीये. त्याचं कर्ज फेडायचंही नाहीये.

पैशाच्या बाजूने काय करता येतं?

मनाला आधार मिळाला तरी सकाळी हप्त्याचा मेसेज येतोच. म्हणून दुसरी बाजूही माहीत हवी. अडकलेल्या माणसाला वाटतं की सगळे दरवाजे बंद आहेत. खरं म्हणजे काही दरवाजे उघडे असतात, त्याला ते दिसत नाहीत.

पहिलं: कर्ज थकणं हा मुळात दिवाणी मामला आहे. फसवणूक केली नसेल तर केवळ हप्ता भरता आला नाही म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. चेक बाऊन्सची केस मात्र फौजदारी असते, पण ती जामीनपात्र आहे आणि आपसात मिटवता येते. नोटीस आली की घरात लपवू नका, वकिलाला दाखवा. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात.

दुसरं: बँकेकडे लवकर जा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. त्याच्या आधीचा काळ सोन्यासारखा असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये एक चौकट जाहीर केली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जाला ती लागू आहे. धंदा अडचणीत येतोय असं वाटलं तर मालक स्वतः बँकेकडे अर्ज करू शकतो आणि बँकेच्या समितीला त्यावर विचार करावा लागतो. हप्ते वाढवून देणं, कर्जाची फेररचना असे मार्ग त्यात आहेत. मंजुरी मिळेलच असं नाही, पण मागायचा हक्क तुमचा आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

तिसरं: वसुलीवाल्यांना नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार थकलेल्या कर्जासाठी एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी देणं, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईकांना त्रास, हे काहीही चालत नाही. कॉलची वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

चौथं: तुमचेच पैसे अडकले असतील तर. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला अथवा सेवा देणाऱ्याला, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. 'एमएसएमई समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा लाभ मिळत नाही.

पाचवं: खासगी सावकार. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. दहा टक्के महिन्याच्या व्याजाने पैसे देणारा दारात उभा राहून धमकावत असेल, तर कायद्यापुढे अडचणीत तो आहे, तुम्ही नाही.

आणि सहावी गोष्ट, थोडी कठोर आहे पण सांगायलाच हवी. 'मी गेलो तर घरचे सुटतील' हा हिशेब चुकीचा आहे. माणूस गेला म्हणून तारण मोकळं होत नाही आणि जामीनदार सुटत नाही. उलट कोणाकडून किती येणं आहे, कोणाला किती द्यायचं आहे, कुठे घासाघीस करता येईल, हे माहीत असलेलं एकमेव माणूसच नाहीसं होतं.

धंदा सुरू करण्याआधीचा गृहपाठ

तुम्ही अजून सुरुवातच करणार आहात, तर तुमच्यासाठी हे फार सोपं आहे. बिझनेस प्लॅनच्या वहीत शेवटचं एक पान रिकामं ठेवा आणि त्यावर हे लिहा.

१. थांबायची रेघ. किती रुपयांचा तोटा झाला किंवा किती महिने पगार खिशातून गेले की मी थांबून फेरविचार करीन? आकडा आजच लिहा. अडकल्यावर हा आकडा लिहिता येत नाही, कारण तेव्हा प्रत्येकाला 'अजून एकच महिना' हवा असतो.

२. माझा राखणदार. एक नाव लिहा. मित्र, बहीण, मामा, जुने सर, कोणीही. पण धंद्यात ज्याचा पैसा अडकलेला नाही असा माणूस. त्याला प्रत्यक्ष भेटून सांगा: "दादा, दर महिन्याला मी तुला खरे आकडे दाखवणार. तीन आठवडे माझा फोन आला नाही तर तू माझ्या घरी यायचं." ही परवानगी आजच द्या. फ्रान्सच्या राखणदाराला संमती लागते, तशी तुमच्या राखणदारालाही लागेल.

३. सगळ्या देण्यांची एकच यादी. बँक, पतसंस्था, हातउसने, भिशी, उधारी, सगळं. ही यादी कुठे ठेवली आहे ते घरातल्या एका माणसाला माहीत हवं.

४. ज्याला हात लावायचा नाही ते. राहतं घर, मुलांच्या शिक्षणाची रक्कम, आईवडिलांचे औषधाचे पैसे.

५. तीन नंबर. माझा सीए, माझा वकील, आणि १४४१६.

या पानाला अशुभ समजू नका. दुकानात आग विझवायचा सिलिंडर लावतो तेव्हा आग लागावी असं आपल्याला वाटत नसतं.

आणि हे वाचणारे तुम्हीच त्या वळणावर असाल तर

कदाचित वरचा गृहपाठ तुमच्यासाठी उशिरा आला असेल. यादी लांब असेल, फोन सायलेंटवर असेल, आणि या लेखाचं शीर्षक बघून तुम्ही इथे आला असाल. तर तुमच्याशी दोन शब्द.

आज रात्री कर्ज सोडवायचं नाहीये. आज फक्त एका माणसाला खरं सांगायचं आहे. घरातलं कोणी जागं असेल तर त्याला उठून सांगा. नसेल तर १४४१६ लावा. तिकडचा माणूस तुमचा सप्लायर नाही, तुमचा भावकीतला नाही, तो बाजारात जाऊन सांगणार नाही. 'पोलीस केस होईल' अशी भीती असेल तर तीही काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. अशा व्यक्तीची काळजी घेणं, तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

ज्या वस्तूने स्वतःला इजा करू असं वाटतंय, ती दुसऱ्याच्या ताब्यात द्या किंवा तुम्ही तिच्यापासून दूर जा. एकटे बसू नका. सकाळी बाकीचं बघू.

सँतच्या त्या कोर्टात आजही धंदे बंद होतात. अपेसामुळे मंदी थांबली नाही की कर्ज माफ झालं नाही. फरक एवढाच पडला की फाईल बंद करताना आता समोरच्या माणसाकडे बघून विचारणारं कोणीतरी तिथे असतं. त्याला पगारवाढ मिळत नाही, फार मोठं शिक्षणही लागत नाही.

आपल्या बाजारपेठेतही हे होऊ शकतं. व्यापारी संघटनेच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंग आणि हप्तेबंदीच्या विषयांसोबत हा एक विषय घ्या. गावातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलवा, टॅक्स कन्सल्टंट आणि पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यांनाही बसवा. दोन तासांचं काम आहे.

आणि आज संध्याकाळी दुकान बंद करताना, बरेच दिवस बोलणं न झालेल्या एका धंदेवाल्याला फोन करा. धंदा कसा चाललाय हे नंतर विचारा. आधी तो कसा आहे ते विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या.